कार्निओलन मधमाशीला पारपत्र नसते

१/ स्लोव्हेनियाची राखाडी कार्निओलन मधमाशी मधपाळांची लाडकी. पेटी उघडली तरी ती चौकटीवर बहुधा शांत असते. त्यावरून ‘जसे राष्ट्र, तशी माशी : शांत, कष्टाळू, शुद्ध’ असे गौरवाने सांगितले जाते. हे गोड आहे. इतिहास मात्र नाही.

२/ प्रथम भूगोल. ही उपजात दक्षिण ऑस्ट्रिया, क्रोएशिया, हंगेरी, सर्बिया येथेही मूळचीच आहे. ‘कार्निओला’ हा हॅब्सबर्ग साम्राज्याचा प्रांत. स्वतंत्र स्लोव्हेनिया १९९१चा. माशी या सर्व सीमांहून जुनी आहे.

३/ मग कीर्ती? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बॅरन एमिल रोटशुट्झ याने या माश्यांच्या निर्यातीचा व्यापार उभारला. ‘कार्निका’ हे शास्त्रीय नाव पोलमनने १८७९ मध्ये दिले. ज्या ओळखीला आपण सनातन मानतो, ती बाजाराने आणि वर्गीकरणाने घडवली.

४/ अँटोन यान्शा (१७३४–१७७३) याचेच पाहा. ब्रेझनित्सा गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा चित्रकला शिकायला व्हिएन्नाला गेला आणि मारिया थेरेसाच्या राजवटीत मधुमक्षिकापालनाचा शिक्षक झाला. ग्रंथ त्याने जर्मनमध्ये लिहिले. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्याच्याच स्मरणार्थ पाळतात. तो सन्मान सार्थच आहे. पण त्याचे आयुष्य एका ध्वजात मावत नाही.

५/ सौम्यतेलाही इतिहास आहे. मधपाळ शांत वसाहतींपासूनच पुढच्या राण्या वाढवतात. म्हणजे हा गुण काही अंशी माणसाच्या निवडीचे फळ आहे. विसाव्या शतकात याच पसंतीने कार्निका जर्मनीभर पसरली आणि तेथील मूळची काळी मधमाशी जवळपास हद्दपार झाली. सौम्य माशीचा विस्तार सर्वांनाच सौम्य ठरला नाही.

६/ आक्षेप येईल : स्लोव्हेनियात कायद्याने केवळ हीच उपजात पाळता येते, तेही चूक का? मुळीच नाही. स्थानिक हवामानाला रुळलेली उपजात संकराने हरवू न देणे शहाणपणाचे आहे. पण त्याचे कारण जीवशास्त्रात आहे, राष्ट्राच्या रक्तात नाही. माशीच्या वंशशुद्धीची भाषा राष्ट्रस्वभावाला जोडली, की ती माणसांना लावायला फार वेळ लागत नाही.

७/ म्हणून ‘आमचा’ प्राणी म्हणून कोणी अभिमान मिरवला, तर विचारा : नाव कोणी दिले, विकले कोणी, आणि जागा कोणाची गेली? माशीवर प्रेम जरूर करावे. तिच्या पंखांवर नकाशा मात्र काढू नये.