सोसा म्हणणारे सरकार

10 डिसेंबर 2024 रोजी ऑस्लोत ‘निहोन हिदानक्यो’ या अणुबॉम्बग्रस्तांच्या संघटनेला नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. संघटनेतर्फे भाषणाला उभे राहिले 92 वर्षांचे तेरुमी तानाका. नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि त्यात त्यांचे पाच नातलग गेले. रशिया आणि इस्रायल यांना त्यांनी सुनावले, हे अपेक्षितच होते. पण बॉम्बने मारलेल्यांना जपान सरकारने आजवर कसलीही भरपाई दिलेली नाही, हे वाक्य त्यांनी भाषणाचा कागद बाजूला सारून दुसऱ्यांदा म्हटले. बॉम्ब अमेरिकेने टाकला होता. म्हातारा चिडला होता तो टोकियोवर.

हा राग मला अगदी रास्त वाटतो. 1951च्या सॅन फ्रान्सिस्को तहात जपानने अमेरिकेविरुद्धचे सगळे दावे सोडून दिले, नागरिकांचेसुद्धा. बॉम्बग्रस्त न्यायालयात गेले. 1963 मध्ये टोकियो जिल्हा न्यायालयाने दोन्ही बॉम्बहल्ले आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध ठरवले आणि त्याच निकालात भरपाई नाकारली. ते काम संसदेचे, असे सांगताना न्यायाधीशांनी राजकारण्यांच्या उदासीनतेवर बोटही ठेवले.

संसदेला पैसे द्यायचे माहीत नव्हते असे नाही. 1952-53 पासून जखमी सैनिकांना, माजी लष्करी अधिकाऱ्यांना, मृत सैनिकांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतने सुरू झाली. 10 मार्च 1945च्या एका रात्रीत अमेरिकी बी-29 विमानांच्या आगबॉम्बनी टोकियोत सुमारे एक लाख माणसे मारली. त्यांच्या घरच्यांना मात्र काही नाही. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना परत पाठवले. 1980 साली सरकारी तज्ज्ञ समितीने तर लिहून ठेवले की, युद्धात देशाचे अस्तित्वच पणाला लागते, तेव्हा झालेली झळ सर्व नागरिकांनी सारखीच सोसली पाहिजे. सारखीच? हा उघड पंक्तिप्रपंच आहे. ज्या सरकारने आशियाभर युद्ध पेटवले, त्याने आपल्या गणवेशातल्या माणसांना पानावर बसवले आणि बाकीच्यांना त्यागाचे महत्त्व सांगितले.

अणुबॉम्बग्रस्तांना थोडे मिळाले, तेही भांडून. 1954 मध्ये बिकिनी बेटावरच्या अमेरिकी चाचणीत जपानी मच्छीमार किरणोत्सर्गात सापडले, देशभर संताप उसळला, 1956 मध्ये ही संघटना उभी राहिली आणि 1957 मध्ये उपचारांचा कायदा आला. बॉम्ब पडल्यानंतर बारा वर्षांनी! त्यासाठी ‘बॉम्बग्रस्त’ असल्याची पुस्तिका काढावी लागे. सरकारी दाखला नसेल तर त्या दिवशी तुम्ही तिथे होता हे सांगणारे दोन साक्षीदार आणा, आणि तेही जवळचे नातेवाईक नकोत. 1945 संपेपर्यंत हिरोशिमात अंदाजे 1 लाख 40 हजार आणि नागासाकीत 70 हजारांहून अधिक माणसे मेली होती. शेजारची आळीच्या आळी जळून गेलेल्याने साक्षीदार आणायचे कुठून? काहींनी तर पुस्तिका मागितलीच नाही. घरात बॉम्बग्रस्त आहे हे कळले की मुलीचे लग्न मोडायचे, नोकरी हुकायची.

कोरियातून आलेल्या बॉम्बग्रस्त मजुरांचे हाल आणखी वेगळे. मायदेशी परतले की भत्ता बंद, असा 1974चा सरकारी आदेश होता. तो 2003 मध्ये रद्द झाला. हिरोशिमात बॉम्बनंतर पडलेल्या किरणोत्सर्गी ‘काळ्या पावसात’ भिजलेल्या 84 जणांना पुस्तिकेसाठी उच्च न्यायालयापर्यंत लढावे लागले; निकालाला 2021 उजाडले.

बॉम्बग्रस्तांसाठीच्या या सगळ्या कायद्यांतून मिळते ते जिवंत माणसाला, त्याच्या आजारापुरते. मार्च 2025 मध्ये पुस्तिकाधारक प्रथमच एक लाखाच्या खाली आले. तेव्हा त्यांचे सरासरी वय होते 86. हवाई हल्ल्यांतल्या इतर जखमींसाठी सर्वपक्षीय खासदारांनी 2020 मध्ये एक आराखडा केला: माणशी एकरकमी पाच लाख येन. त्यातही मृतांच्या कुटुंबांना वगळलेच आहे.