रात्री तीन वाजताची पातळी

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. इशाऱ्याची पातळी ४० फूट, धोक्याची ४५. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांनंतर सांगली-मिरज-कुपवाडमध्ये हे आकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. कुपवाडची औद्योगिक वसाहत नदीपासून लांब आहे. पण तिथे पाळीला येणाऱ्याचे घर गावभागात किंवा सांगलीवाडीत असू शकते. नदी इंचाइंचाने चढते, आणि कोयना धरणातून किती विसर्ग सुरू आहे हे कळल्यावर पुढच्या काही तासांचा अंदाज बांधता येतो. रात्री तीनला टक्क जागा असलेल्या माणसाच्या डोक्यात मात्र तिसाचे एकदम सत्तावन्न होतात. पाण्याचा संबंध नसतानाही हेच घडते. आज झोप नाही, म्हणजे उद्या प्रेसवर डुलकी लागणार, हात जाणार, काम सुटणार, घराचा हप्ता थकणार. एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होईतो संसार उघड्यावर आलेला असतो. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण बहुधा अशाच वेळी कुणाला तरी सुचली असावी.

आमचे म्हणणे एवढेच, की निद्रानाशाच्या रुग्णात तिसावरून थेट सत्तावन्नावर जाणारी ही उडी म्हणजे आजाराचा परिणाम नव्हे. ती आजाराचे इंधन आहे. आपण फॅमिली डॉक्टर झोपेवर उपचार करतो आणि उडी तशीच सोडून देतो. ॲलिसन हार्वी यांनी २००२ मध्ये मांडलेले प्रारूप इथे उपयोगी पडते. झोपेची काळजी शरीराला जागे करते. जागे शरीर घड्याळाकडे, छातीच्या ठोक्यांकडे, डोळ्यांच्या जळजळीकडे लक्ष लावून बसते. त्यातून झोप होती त्याहून कमी झाली असे वाटते आणि काळजी दुप्पट होते. पुढच्याच वर्षी हार्वी आणि ग्रीनॉल यांनी रुग्णांना ‘झोप नाही लागली तर काय होईल, आणि मग त्यापुढे काय?’ असे विचारत नेले. नीट झोपणाऱ्यांपेक्षा त्यांची अनर्थांची साखळी लांब निघाली, आणि ते अनर्थ प्रत्यक्षात घडतील अशी त्यांची खात्रीही जास्त होती. पावसाळ्यात दर अर्ध्या तासाने मोबाईलवर पुलाची पातळी पाहणे आणि दर अर्ध्या तासाने किती वाजले ते पाहणे, या दोन्हींचे काम या साखळीत एकच: जागेपणाला पुरावा पुरवणे.

यावर आपल्याकडे दोन उत्तरे तयार असतात. एक, ‘उगाच विचार करू नका’. विचार थांबवायचा प्रयत्न हाच जागेपणाचा व्यायाम होतो, हे सांगणाऱ्यालाही माहीत असते. दुसरे, अल्प्राझोलामची स्ट्रिप. चार रात्रींची गोळी हा गुन्हा नव्हे, तीव्र धक्क्यानंतर तिची जागा आहेच. पण ती महिनोन्महिने चालली की वेगळाच घोटाळा होतो. रुग्ण एक दिवस स्वतःहून गोळी बंद करतो, त्या रात्री उलट फिरलेला निद्रानाश पूर्वीपेक्षा जोरात येतो, आणि ‘गोळीशिवाय मला झोपच नाही’ या त्याच्या सर्वांत वाईट भाकिताला आपण जणू पुरावा देतो. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम एच-१ अनुसूचीत टाकून औषध दुकानदाराला वही ठेवायला लावली आहे. भाकिताची वही कुणीच ठेवत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये दीर्घकालीन निद्रानाशासाठी विचार-वर्तन उपचार पहिला मानला. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात, २० चाचण्यांमध्ये, या उपचाराने झोप सरासरी १९ मिनिटे लवकर लागली आणि मधली जाग २६ मिनिटांनी कमी झाली. आकडे डोळे दिपवणारे नाहीत. पण हा फायदा उपचार संपल्यावरही टिकतो, आणि गोळीबद्दल तसे म्हणता येत नाही.

‘ओपीडीत चाळीस माणसे बसलेली असताना मानसोपचार कधी करायचे?’ हा आक्षेप प्रामाणिक आहे. पूर्ण उपचार आपण करायचाच नाही. एक कागद द्यायचा. संध्याकाळी, अंथरुणापासून दूर बसून, काल रात्री कशाची भीती वाटली ते रुग्णाने एका ओळीत लिहावे आणि समोर, आज प्रत्यक्षात काय झाले ते. दोन आठवड्यांनी तो कागद केसपेपरसोबत पाहायला तीन-चार मिनिटे लागतात. रुग्णाला त्याचा अंदाज चुकीचा आहे हे आपण पटवायचे नाही, त्याच्याच अक्षरात ते त्याला दिसू द्यायचे. लिहिता न येणाऱ्यासाठी घरातल्या पोराने लिहिले तरी चालते. कागदाला जादू समजू नये, हेही खरे. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली, असे २०१८ चा एक प्रयोग सांगतो. पण त्यातले ५७ जण निरोगी तरुण होते, आपले रुग्ण नव्हेत. घोरणे, पहाटेच जाग येऊन जगणे नकोसे वाटणे, दारू, थायरॉइड हे आधी विचारून घ्यावे लागते, आणि जीव द्यायचे विचार असतील तर कागदावर न थांबता मानसोपचारतज्ज्ञाकडे, निदान १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकापर्यंत, त्याच दिवशी पोहोचवावे लागते.

दुसरा आक्षेप जड आहे: कामगाराची भीती कल्पित कशी म्हणायची? हप्ता खरा आहे, पूर खरा आहे, प्रेसखाली बोटे खरोखर जातात. ती कल्पित आहे असे आम्ही म्हणतच नाही. खऱ्या धोक्याला दिवसाचे काम लागते: सामान माळ्यावर चढवणे, बँकेत जाऊन मुदत मागणे, पाळी बदलून घेणे. रात्री तीनला यातले काहीच करता येत नाही, म्हणून ती भीती काम न होता नुसती फिरत राहते. शिवाय पुस्तकातले नियम कुपवाडच्या फिरत्या पाळ्यांना जसेच्या तसे बसत नाहीत. ‘रोज एकाच वेळी उठा’ हे आठवड्याआड तिसरी पाळी करणाऱ्याला सांगणे म्हणजे थट्टा. अंथरुणातला वेळ कमी करण्याचा उपाय प्रभावी असला, तरी सुरुवातीच्या आठवड्यांत दिवसाची पेंग वाढवतो. प्रेस, फर्नेस किंवा ट्रक चालवणाऱ्याला, अपस्माराच्या किंवा द्विध्रुवी विकाराच्या रुग्णाला तो देऊ नये. म्हणून या रुग्णाचा कागद जास्त बारकाईने वाचायचा. समोरच्या रकान्यात बहुतेक दिवस ‘काही झाले नाही, दमलो होतो’ असे असेल, तर उडीवर काम करता येते. पण आठवड्यात दोनदा ‘मशीनवर डोळा लागला’ असे लिहिलेले असेल, तर ती उडी नव्हे, पाणी धोक्याच्या पातळीला आलेले आहे. तिथे विचारांबद्दल बोलणे पुढच्या खेपेला ठेवून, त्याला काही दिवस प्रेसवरून उतरवण्याची चिठ्ठी आधी लिहून द्यावी.