सटवाईच्या लेकीचे मौन

मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतून मनोविश्लेषणात्मक समीक्षा शिकवली जाते ती बहुधा एका ठरीव क्रमाने. आधी अबोध मन, मग इदम्, अहं आणि पराहं, त्यानंतर ईडिपस गंड. पुढे एखादी कादंबरी घेऊन तिच्या नायकाच्या वर्तनात हा गंड दाखवून दिला की प्रश्नपत्रिकेपुरता विषय संपतो. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ १९४२ साली प्रसिद्ध झाली. तिच्या निमित्ताने संज्ञाप्रवाहाची चर्चा झाली आणि फ्रॉइडची परिभाषा हळूहळू मराठी समीक्षेच्या अंगवळणी पडली. परिभाषा रुळली, सिद्धान्ताची उलटतपासणी मात्र फारशी झाली नाही. सिद्धान्त युरोपचा आणि उदाहरणे मराठीची, अशी ही विभागणी आहे. एखादी मराठी कथा स्वतःच ‘स्व’विषयी काही सिद्धान्त मांडत असेल, ही शक्यता तीत विचारातच घेतली जात नाही.

ती घ्यावी असे सुचवणारा पुरावा १९५० सालीच उपलब्ध झालेला आहे. त्या वर्षी इरावती कर्वे यांनी ‘मॅन’ या इंग्रजी मानवशास्त्रीय नियतकालिकात ईडिपसकथेच्या एका मराठी रूपावर छोटेसे टिपण लिहिले. कथा सटवाईच्या लेकीची आहे. आई रोज रात्री कुठे जाते, असे लेक विचारते. नवजात मुलांच्या कपाळी त्यांचे विधिलिखित लिहायला जाते, असे उत्तर मिळते. मग माझ्या कपाळी काय लिहिले आहे? आई प्रथम टाळते, पण अखेर सांगते : तुझे लग्न तुझ्याच मुलाशी होईल. लेक पुरुषाचे तोंडही न पाहण्याच्या निश्चयाने रानात जाऊन राहते. तिथे शिकारीला आलेल्या राजाचे उष्टे पाणी नकळत तिच्या पोटात जाते आणि ती गरोदर राहते. जन्मलेले मूल ती वस्त्रात गुंडाळून टाकून देते. ते दुसऱ्यांच्या घरी वाढते आणि पुढे त्याच्याशीच तिचे लग्न होते. त्या वस्त्रावरून तिला सारे उमगते. ती कोणाला काही सांगत नाही. नवऱ्याबरोबर ती सुखाने नांदते आणि त्याला वाढवणाऱ्या म्हाताऱ्यांची सेवा करते.

सोफोक्लीजच्या नाटकात ईडिपसच्या हातून पित्याचा वध होतो तो तीन वाटा मिळतात अशा जागी. खोपोलीच्या शिळफाट्यावरून महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याला ती जागा वेगळी समजावून द्यावी लागत नाही. (शिळफाटा म्हटले की मुंबईकराला डोंबिवलीकडचा आठवतो, येथे अभिप्रेत आहे तो खालापूर तालुक्यातला, बोरघाटाच्या पायथ्याचा.) फाटा म्हणजे अनोळखी माणसांची गाठ पडण्याची आणि ‘आधी कोण जाणार’ यावरून हुज्जत होण्याची जागा. ईडिपस आणि लायस यांचे भांडण याहून फार निराळे नव्हते. पण याच फाट्याच्या आसपासच्या एखाद्या घरात मूल जन्मले, की पाचव्या-सहाव्या रात्री सटवाईची पूजा मांडतात आणि तिच्यासाठी कोरा कागद व लेखणी ठेवतात. मराठी कथेचे मूळ या खोलीत आहे. तिथे पुरुष नाही, हत्या नाही, पित्याशी स्पर्धाही नाही. कथेतला राजा पाणी पिऊन निघून जातो. त्याला मारण्याची गरज कोणालाच भासत नाही.

फ्रॉइडने १९०० साली ‘स्वप्नमीमांसे’त ईडिपसचे नाटक वाचले ते मुलाच्या बाजूने. न जाणणारा पुत्र हळूहळू जाणता होतो, आणि ही जाणण्याची प्रक्रियाच त्याला मनोविश्लेषणासारखी वाटली. पण त्या नाटकात पुत्राच्या आधी योकास्ताला कळते. ती त्याला विनवते की पुढे शोध घेऊ नकोस. तो ऐकत नाही आणि ती गळफास घेते. मराठी कथा म्हणजे वस्तुतः योकास्तेने सांगितलेली कथा आहे. तीत जाणणारी एकच व्यक्ती आहे, आणि तिला लग्नाच्याच नव्हे, मुलाच्याही आधीपासून सारे ठाऊक आहे.

येथे फ्रॉइडची परिभाषा अपुरी पडते. दमनाचा अर्थ असा, की मनाला जे पेलत नाही ते अबोधात लोटले जाते आणि मग त्या माणसालाच ते ठाऊक नसते. सटवाईच्या लेकीला तर सारेच ठाऊक आहे. तिच्या मौनाला दमन म्हणणे ही समीक्षेची सवय झाली, अर्थनिर्णयन नव्हे. विनिकॉटने बाळाचा विचार आईपासून तोडून करता येत नाही असे मांडले, तेव्हा ‘स्व’ हा नात्यातच घडतो हे मनोविश्लेषणानेही मान्य केले. मराठी कथा याच्या एक पाऊल पुढे जाते. एकच स्त्री एकाच पुरुषाची आई आणि पत्नी असते, आणि यांपैकी कोणते नाते उच्चारायचे हे तिला ठरवावे लागते. उच्चार केला तर दोन्ही मोडतात.

अशा भिन्नतेची जाणीव भारतात नवी नाही. गिरींद्रशेखर बोस यांच्या पुढाकाराने कलकत्त्यात १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन झाली. त्यांनी १९२९ साली फ्रॉइडला कळवले होते, की आपल्या पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा युरोपीय रुग्णांपेक्षा सहज हाती लागते. सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’मध्ये (१९७८) आई-मुलाच्या दीर्घ सान्निध्यावर भर दिला. ए. के. रामानुजन यांच्या ‘द इंडियन ईडिपस’ या निबंधाने तर दिशाच उलटी असल्याचे दाखवले : भारतीय कथांत पिता पुत्रावर आक्रमण करतो आणि आई मुलाकडे वळते. गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली कर्जत तालुक्यातल्या माथेरानचा. त्यांच्या ‘ययाति’त (१९६१) पिता पुत्राचे तारुण्य मागून घेतो तेव्हा बोलते ती पुरूची पत्नी चित्रलेखा, आणि ती जीव देते.

मात्र या सर्वांवरून ‘भारतीय स्व’ नावाची एक वस्तू तयार करून वर्गात वाटणे हेही ठरीव क्रमाचेच दुसरे रूप ठरेल. रामानुजनांनी मांडलेल्या कन्नड कथेत हीच स्त्री सत्य कळताच गळफास घेते. कानडी नायिका मरते आणि मराठी नायिका जगते. दोन्ही मुलखांची सीमा एकमेकींना लागून आहे. फरक भूगोलाचा नसून त्या घरात स्त्रीने काय बोलावे, याचा आहे. योकास्ता, चित्रलेखा आणि ती कन्नड आई यांच्या शेजारी सटवाईची लेक ठेवून पाहिली, की तिच्या सुखाची किंमत ध्यानात येते. जगण्यासाठी तिला गप्प राहावे लागले. या मौनाला शहाणपण म्हणून गौरवण्याचा मोह टाळलेला बरा, कारण ते सांगायला तिला कोणी श्रोताच नव्हता. ज्या भाषेने मुलांचे भाग्य लिहिणाऱ्या देवतेचे ‘सटवी’ हे नाव बायकांना द्यायच्या शिवीत घातले, त्या भाषेत तरी हे लक्षात यायला हवे.

खालापूर-कर्जतकडच्या विद्यार्थिनींच्या घरांत या देवतेच्या कथा आजीच्या तोंडी असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्या जमवण्याचे काम प्रबंधाला पुरेसे आहे. शोधायचा प्रश्न साधा आहे : कोणत्या सांगणारीने कथेचा शेवट मौनाने केला आणि कोणी मरणाने? सटवाईच्या लेकीला त्या नवऱ्यापासून मूल झाले, तर सहाव्या रात्री त्याचे कपाळ लिहायला तिची आईच येणार. कथा तिथवर जात नाही.