कॅमेरा निवडताना मानेलाही विचारा

साठीच्या आसपासचे एखादे गृहस्थ निवृत्तीच्या पैशांतून पक्ष्यांचे फोटो काढण्यासाठी कॅमेरा घेतात. यूट्यूबवरची परीक्षणे पाहून, दोन-चार मित्रांना विचारून आणि दुकानदाराशी घासाघीस करून एक 'फुल फ्रेम' बॉडी आणि भलीमोठी झूम लेन्स घरी येते. पहिला महिना कौतुकात जातो. भिगवणच्या दोन फेऱ्या होतात. तिसऱ्या महिन्यात खांदा दुखू लागतो. जोडीला मधुमेह असेल तर तो आखडतोही, कारण मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याचे प्रमाण मुळातच जास्त असते. मग अस्थिरोग विभागाची रांग. 'जड काही उचलले का?' असे डॉक्टर विचारतात तेव्हा उत्तर 'नाही' असेच येते. कॅमेऱ्याला जड वस्तू म्हणायचे कुणाच्या मनातच येत नाही.

प्रत्यक्षात निकॉनची लोकप्रिय २००-५०० मिलिमीटर लेन्स तिच्या ट्रायपॉड कॉलरसह २.३ किलोची आहे. तिला डी-८५० सारखी बॉडी जोडली की आणखी एक किलो. म्हणजे सव्वातीन किलोंच्या वर वजन डोळ्यांच्या उंचीवर धरून, श्वास रोखून, खंड्या पाण्यात सूर मारेपर्यंत वाट पाहायची. भाजीची तेवढीच पिशवी हात खाली सोडून सहज नेता येते. तेच वजन शरीरापासून लांब, वर उचलून धरले की तरफेच्या नियमाने खांद्यावर पडणारा ताण कितीतरी पटींनी वाढतो. त्यात लांब लेन्सचे वजन पुढच्या टोकाला असते. खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायुबंध चाळिशीनंतर झिजू लागतात आणि हा ताण नेमका त्यांच्यावरच येतो.

मानेची तक्रार वेगळी. कॅमेरा गळ्यात लटकवून दिवसभर हिंडायचे आणि प्रत्येक फोटोनंतर मान खाली घालून मागचा पडदा पाहायचा, ही बहुतेकांची सवय. माणसाचे डोके साधारण साडेचार ते पाच किलोंचे असते. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी २०१४ साली गणिती प्रारूपावरून दाखवले, की मान ६० अंशांत वाकवली तर मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो. ते गणित मोबाइल वापरणाऱ्यांसाठी होते, पण मणक्याला मोबाइल कोणता आणि कॅमेरा कोणता हे कळत नाही.

यावर जाणकारांचे उत्तर ठरलेले असते : मोठ्या सेन्सरला पर्याय नाही. ते खोटे नाही. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, तर मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३ मिलिमीटरचा. क्षेत्रफळात जवळपास चौपट फरक आहे आणि पहाटेच्या अंधूक उजेडात, बिबट्या झुडपातून निघत असताना तो चित्रात दिसतो. पण हौशी छायाचित्रकारांपैकी कितीजण पहाटेचा बिबट्या टिपतात? बहुतेकांचे विषय म्हणजे बुलबुल, भारद्वाज, रोहित पक्षी, नातवंडे आणि घाटातले ढग. तेही नऊ वाजताच्या स्वच्छ उन्हात.

कॅनन आर-७ ही लहान सेन्सरची बॉडी आणि त्याच कंपनीची १००-४०० मिलिमीटरची एफ ५.६ ते ८ ही लेन्स मिळून सव्वा किलो भरते. सेन्सर लहान असल्यामुळे ४०० मिलिमीटरला दिसणारे दृश्य फुल फ्रेमवरच्या ६४० मिलिमीटरइतके असते. म्हणजे पक्षी वरच्या सव्वातीन किलोंच्या जोडीपेक्षाही चौकटीत मोठा दिसतो. किंमत मोजावी लागते ती उजेडाची : एफ ५.६ च्या तुलनेत एफ ८ ला निम्माच प्रकाश आत येतो. ज्याला संध्याकाळच्या घुबडांचाच ध्यास आहे त्याने हा सौदा करू नये. इतरांनी जरूर करावा.

दुकानात जाण्यापूर्वी एक घरगुती परीक्षा घेता येईल. जी जोडी घ्यायची तिचे वजन कंपनीच्या तपशिलात पाहावे, तेवढे तांदूळ पिशवीत भरावेत आणि ती पिशवी दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर एक मिनिट धरावी. असे दहा वेळा, मध्ये थोडे थांबून. हात थरथरू लागले किंवा मान अवघडली, तर ती जोडी आपली नव्हे. खांदा आधीच दुखत असेल तर ही परीक्षाही करू नये.

थरथरीचा विषय निघालाच आहे, तर तिचेही शास्त्र आहे. निरोगी हातसुद्धा सेकंदाला ८ ते १२ वेळा सूक्ष्म कंप पावतो. चढ चढून आल्यावर, कडक कॉफीनंतर, दम्याचा सालब्युटामॉलचा पंप ओढल्यावर किंवा थायरॉइड वाढलेले असताना हा कंप वाढतो. अस्थमाच्या रुग्णाने पंप थांबवायचा नाही, हे वेगळे सांगायला नको. त्याने कॅमेऱ्यातल्या स्थिरीकरणावर चार पैसे जास्त खर्चावेत. स्थिरीकरणाचा एकेक 'स्टॉप' म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची सवलत. पाच स्टॉप म्हणजे ३२ पट. मात्र ते आपला हात सावरते, उडणारा पक्षी थांबवत नाही. त्याला वेगवान शटरच लागते.

डोळ्यांकडे तर खरेदी करताना कुणीच पाहत नाही. चाळिशीनंतर जवळचे दिसणे कमी होते; म्हणून व्ह्यूफाइंडरशेजारच्या छोट्या डायॉप्टर चाकाची ओळख दुकानातच करून घ्यावी. चित्र नव्हे, चौकटीतले आकडे ठळक दिसेपर्यंत ते फिरवायचे. बऱ्याच बॉडींवर ते साधारण उणे ४ ते अधिक २ पर्यंत फिरते. त्याने साधा नंबर भरून निघतो, तिरका नंबर नाही. तिरका नंबर असलेल्यांनी चष्मा लावूनच बघावे आणि त्यासाठी ज्याचा 'आयपॉइंट' २० मिलिमीटरच्या वर आहे असा व्ह्यूफाइंडर निवडावा, नाहीतर चौकटीचे कोपरे कापले जातात. आणखी एक गोम : व्ह्यूफाइंडरमधले चित्र डोळ्याला साधारण मीटरभर अंतरावर असल्यासारखे भासते, पण मागचा पडदा हातभर अंतरावर. मोतीबिंदूनंतर लांबचा नंबर साधलेले भिंग बसवलेल्यांना पडदा धूसर दिसतो आणि फोटोच हलला असे वाटते. अशांनी 'लेन्स खराब आहे' म्हणून दुकानदाराशी भांडण्याआधी जवळचा चष्मा लावून पाहावा.

ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, लांब लेन्स लावून, सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंगाने कागद पेटतो तसा दृष्टिपटल भाजतो, आणि तिथे वेदना नसते म्हणून कळतही नाही.

कास पठारावर फुलांचे फोटो काढणाऱ्यांची गुडघ्यांची तक्रार असते. तिथे उकिडवे बसण्यापेक्षा बाहेर उघडणारा, फिरणारा पडदा असलेली बॉडी घ्यावी. कॅमेरा जमिनीलगत धरून वरून पाहता येते. गुडघे वाचतात आणि फुलेही अंगाखाली चिरडत नाहीत. संधिवाताच्या रुग्णासाठी जास्त मेगापिक्सेलपेक्षा हे बिजागर मोलाचे.

पट्ट्याबाबत दुमत नसावे. बॉडीबरोबर येणारा, कंपनीचे नाव मिरवणारा गळ्यातला पट्टा खोक्यातच राहू द्यावा. एका खांद्यावरून कमरेकडे जाणारा आडवा पट्टा हलक्या जोडीसाठी, आणि दोन्ही खांद्यांवर भार वाटणारा जड जोडीसाठी. मूठ उथळ असली की अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखू लागते. म्हणून बॉडी ऑनलाइन मागवण्यापूर्वी एकदा तरी हातात धरून पाहावी. लांब लेन्सचे वजन डाव्या तळहाताने खालून पेलायचे, कोपर बरगड्यांना टेकवायचे.

ट्रायपॉड सगळेच घेतात आणि फार थोडे नेतात. मोनोपॉड हलका असतो आणि वजन जमिनीवर सोडतो. ताडोबाच्या जिप्सीत तर तोही अडचणीचा. तिथे आडव्या दांडीवर ठेवायची बीनबॅग पुरते. ती रिकामीच न्यावी आणि मुक्कामाच्या गावी किलोभर तांदूळ किंवा हरभरे घेऊन भरावी. परतताना ते धान्य तिथेच कुणाच्या तरी स्वयंपाकघरात देऊन यावे. प्रवासात तेवढाच भार कमी.