'दोन तासांचं तर काम आहे!'

आयटीवाल्यांचं एक आवडतं रडगाणं आहे. क्लायंट शुक्रवारी संध्याकाळी फोन करून म्हणतो, "छोटासाच चेंज आहे, सोमवारपर्यंत होईल ना?" मग आपण टपरीवर अर्धा तास त्या क्लायंटच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. याला एस्टिमेशन कशाशी खातात ते कळत नाही, स्कोप क्रीप, वगैरे वगैरे. आणि हीच मंडळी ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेसाठी फोटोग्राफर ठरवायला बसली की... "दोन तासांचं तर काम आहे राव, एवढे पैसे कसले?"

माझा आतेभाऊ पुण्यात गेली आठ वर्षं हेच काम करतो. हिंजवडी, खराडी, बाणेरच्या कंपन्यांचे इव्हेंट आणि एचआरला लागणारे हेडशॉट. त्याच्याबरोबर दोन-तीनदा बॅगा उचलायला गेलोय, म्हणून हे लिहितोय.

त्या दोन तासांत काय होतं? हॉटेलचा बँक्वेट हॉल, छत एवढं उंच की फ्लॅश वर मारून काही परत येत नाही. स्टेजमागे भलामोठा एलईडी वॉल, त्याच्यापुढे वक्त्याचा चेहरा काळा. इव्हेंटवाल्याला जांभळे दिवे आवडतात, त्यामुळे चेहरा दिसलाच तर वांग्यासारखा दिसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० पेक्षा वेगात ठेवलं तर फोटोत पट्टे यायची भीती, आणि १/१०० वर ठेवलं तर हातवारे करणारे सीईओ धूसर. बक्षीस देतानाचा क्षण पुन्हा येत नाही, म्हणून गळ्यात दोन कॅमेरे, प्रत्येकात दोन कार्डं. थेट प्रॉडक्शनवर काम, रोलबॅक नाही!

मग घरी येऊन बाराशे फोटोंतून अडीचशे निवडायचे. मिटलेले डोळे, उघडी तोंडं, तोंडात अर्धा समोसा असलेले व्हाइस प्रेसिडेंट... सगळं बाजूला काढायचं, उरलेल्यांचे रंग माणसांत आणायचे. दोन दिवस जातात. ते कुणाच्या टाइमशीटमध्ये दिसत नाहीत, एवढंच.

"पण आता फोनमध्येच भारी फोटो येतात की!" येतात ना, सहलीचे येतात. फोनचा मुख्य कॅमेरा वाइड असतो. चेहरा फ्रेममध्ये मावेपर्यंत जवळ गेलात की नाक मोठं आणि कान गायब. हा सगळा अंतराचा खेळ आहे. आमचे दादा ८५ एमएमची लेन्स लावून दोन मीटरवर उभे राहतात ते ऐट म्हणून नाही. आणि दहा सेल्फी टाकून एआयकडून हेडशॉट करून घेणाऱ्यांबद्दल काय बोलू? कोट झकास असतो, फक्त आतला माणूस दुसराच असतो.

हेडशॉटमध्ये कॅमेऱ्याचं काम कमी, बोलण्याचं जास्त. एका कंपनीत माणशी पाच मिनिटांचा स्लॉट होता. रिटायरमेंटला आलेल्या एक मॅडम आल्या. बसायच्या आधीच म्हणाल्या, "माझा फोटो कधीच चांगला येत नाही, उरका लवकर." दादाने कॅमेरा खाली ठेवला आणि त्यांच्याशी गावाकडच्या भातशेतीबद्दल बोलत बसला. पंधरा मिनिटं गेली. नंतर त्यांनी तो फोटो घरी लावायला मोठा करून मागितला. एचआरने मात्र शेड्यूल बिघडवल्याबद्दल त्याला ऐकवलं. असो.

पुढची मागणी ठरलेली. "सर, रॉ फाईल्सपण द्या ना सगळ्या." का? कोटेशनमध्ये होत्या का? तुम्ही क्लायंटला तुमच्या लोकल ब्रँचमधला अर्धवट कोड झिप करून पाठवता का? गंमत म्हणजे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ आधीच गिऱ्हाइकाच्या बाजूचं आहे. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर पहिला मालक काढून घेणारा. म्हणजे हक्क फुकटात खिशात आले, तरी हाव सुटत नाही.

आणि ते पैसे देऊन म्हणतो ते तरी कधी? एका बड्या कंपनीने दादाला सांगितलं, "आमची पॉलिसी नेट ९० आहे." च्यायला, याला पॉलिसी म्हणतात? २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात साफ लिहिलंय की नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे, करारात काहीही लिहिलेलं असो. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. दादाकडे उद्यम नोंदणी आहे. व्याज मागितलं का, विचारलं तर म्हणाला, "अरे, मागितलं तर पुढच्या वर्षी दुसऱ्याला बोलावतील."

इथे आपण काही करू शकतो. तुमच्यापैकी निम्मे जण कधी ना कधी ऑफिसच्या इव्हेंट कमिटीत असता. फोटोग्राफरच्या बिलाची पीओ कुठे अडकलीय ते फायनान्सला मेल टाकून विचारायला पाच मिनिटं लागतात. ग्रुप फोटोत पुढच्या रांगेत बसायला मिळावं म्हणून धडपडतो त्यापेक्षा कमीच.

ता. क. हेडशॉटच्या दिवशी बारीक चौकडीचा शर्ट घालून जाऊ नका. फोटोत कापडावर विचित्र लाटा उठतात, आणि त्या काढत बसायचं कामही त्या 'दोन तासांतच' धरलेलं असतं.