वृत्तपत्रांतील स्त्री

जुनीं वृत्तपत्रें चाळीत असतां असें दिसतें कीं, तेथें स्त्रियांविषयीं लेखन पुष्कळ आहे. परंतु स्त्रियांनीं केलेलें फार थोडें. १८८१ सालीं सुरत येथील विजयालक्ष्मी नांवाच्या ब्राह्मण विधवेस अर्भकहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. पुढें ती सौम्य करण्यांत आली. खटला एका बाईचा. परंतु 'पुणे वैभव' पत्रानें त्या निमित्तानें सबंध स्त्रीजातीच्या नीतीवर कोरडे ओढले.

बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांस तें सहन झालें नाहीं. त्यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक छापून सवाल केला कीं, जे दोष स्त्रियांच्या माथीं मारतां, ते पुरुषांत नाहींत काय? विधवेचा पुनर्विवाह रोखणारे कोण? त्यांच्यावर टीका झाली, तेव्हां १८८५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'सत्सार'मध्यें त्यांची बाजू घेतली. पुढें पुस्तक विस्मृतींत गेलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुनः प्रसिद्ध केलें.

आजही एकीचें वृत्त वाचून "हल्लींच्या मुली अशाच!" असें घराघरांतून म्हटलें जातें. तेव्हां वडील मंडळींनीं ताराबाईंचा सवाल अवश्य आठवावा, आणि घरांतील मुलींनाही तो विचारूं द्यावा.