कवचबीज मोजून द्या

काष्ठौषधींच्या दुकानात सगळ्यात जास्त खपतं ते एक वाक्य: ‘झाडपाल्याचं आहे, अपाय नाही.’ परीक्षेच्या दिवसांत ब्राह्मी-शंखपुष्पी नेणाऱ्यांना ते ऐकवून फारसं बिघडत नसेल. कवचबीजाच्या बाबतीत मात्र ते धडधडीत खोटं आहे, हे मी सासऱ्यांच्या गल्ल्यावर बसूनच म्हणते.

कवचबीज म्हणजे खाजकुइलीच्या बिया. शेंगेवरची लव अंगाला लागली की माणूस खाजवून बेजार. बिया दुधात उकडून, साल काढून, वाळवून त्यांचं चूर्ण करतात. ते वाजीकरणासाठी प्रसिद्ध, त्यामुळे गिऱ्हाईक आवाज खाली आणून मागतं. हल्ली मोकळ्या आवाजात मागणारेही येतात. त्यांच्या घरी कुणाला तरी कंपवात असतो.

ही मागणी वेडगळ नाही. 1937 मध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी याच बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं. कंपवातात मेंदूला डोपामाइन कमी पडतं आणि लेव्होडोपापासून ते तयार होतं. म्हणजे न्यूरॉलॉजिस्टच्या गोळीतलंच औषध आमच्या बरणीत! लंडनमध्ये 8 रुग्णांवर झालेल्या, 2004 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 30 ग्रॅम चूर्णाचा गुण गोळीपेक्षा लवकर आला आणि जास्त वेळ टिकला. चाचणी लहान, पण दुर्लक्ष करावं अशी नाही.

त्या 30 ग्रॅममध्ये लेव्होडोपा होतं 1000 मिलिग्रॅम. त्या हिशेबानं 3 ग्रॅमच्या चमच्यात 100 मिलिग्रॅम आलं. नेहमीच्या एका गोळीतही बहुधा तेवढंच असतं. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतं, ते लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधीच खर्च होऊ देत नाही. नुसत्या चूर्णातलं बरंचसं वाटेतच संपतं आणि मळमळ होते. गोळीच्या जोडीला चूर्ण घेतलं तर कार्बिडोपा चूर्णातल्या औषधालाही पुढे पोचवतं. मग हातपाय आपोआप वळवळतात, उभं राहताना रक्तदाब घसरतो, कुणाला नसलेली माणसं दिसतात. घरच्यांना वाटतं आजार बळावला, आणि चमचा वाढतो.

मागे एकजण घरच्या अण्णांसाठी अर्धा किलो मागायला आले. अण्णांच्या गोळ्या चालू आहेत का, विचारलं. “आहेत की. पण वहिनी, हे आयुर्वेदिक. डॉक्टरांना कशाला सांगायचं?” डॉक्टरांनीही विचारलेलं नव्हतं. विचारायला हवं, आणि न रागावता, नाहीतर लोक लपवतात.

माझी मुख्य मागणी पुडीवरच्या छपाईची आहे. वजन छापतो, किंमत छापतो, तसं एका ग्रॅममध्ये लेव्होडोपा किती तेही दर घाण्याला तपासून छापा. जात, जमीन बदलली की प्रमाण बदलतं. काही वैद्य म्हणतात, बी म्हणजे एकटं लेव्होडोपा नव्हे. खरंच आहे. म्हणून काय ते मोजायचं नाही? मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी 1949 मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा अनुभव रीतसर मांडला, तेव्हा जगानं ती मुळी मनावर घेतली. पुढे तिच्यातल्या रेसर्पिननं काही रुग्णांना नैराश्य येतं, हेही रुग्णांच्या नोंदी ठेवल्यामुळेच कळलं.

ठोक व्यापाऱ्याकडे तपासणीचा कागद मागितला. “वहिनी, असला कागद मागणाऱ्या तुम्ही एकट्याच,” म्हणाला. कागद येईपर्यंत कंपवातासाठी न्यायला आलेल्याला मी चूर्ण देत नाही. पलीकडचा दुकानदार देतो, तेही ‘अपाय नाही’ म्हणत.